डब्याचीही आवक करा : नाशिक महानगरपालिकेला खुलं पत्र

प्रति,
माननीय महापौर, सर्व नगरसेवक-नगरसेविका, माननीय आयुक्त आणि सर्व खातेप्रमुख,
नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय : कार्यालयात भेट म्हणून येणाऱ्या मिठाईच्या डब्यांची आवक, म्हणजे नोंद, करण्याबाबत.

महोदय, महोदया,

विषय वाचून हसू आलं असेल तर येऊ द्या. चौतीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयात काढली, त्यातली बारा वर्षं दोन खेपांत आवक-जावकच्या टेबलावर. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, काही पेन्शनीत, काही खुर्चीत. ते कार्यालय पालिकेचं नव्हतं, एवढं मात्र सांगून ठेवते, नाहीतर उद्या कोणीतरी माझं खातं शोधत बसायचं.

आवक-जावक म्हणजे ऑफिसातली सगळ्यात खालची खुर्ची, असं बाहेरच्यांना वाटतं, आणि आतल्यांनाही. पण तिथली शिस्त बघा. कागद आला की गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक. नोंदवहीत एक ओळ : कोणाकडून आला, कशाबद्दल आला, कोणत्या टेबलाला दिला. त्या टेबलवाल्याची सही. एकदा क्रमांक पडला की ‘असा कागद आमच्याकडे आलाच नाही’ म्हणायची सोय उरत नाही. चुरगळलेला अर्ज असो की मंत्रालयातलं पत्र, दोघांना ओळ एकच.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र माझ्या टेबलासमोरून शिक्का न पडताच बरंच काही आत जायचं. कंत्राटदाराचा माणूस दोन मोठ्या पिशव्या घेऊन यायचा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. साहेबांना मखमली ट्रेमधला सुकामेवा, हेडक्लार्कना किलोभर काजूकतली, आम्हा लिपिकांना अर्धा किलो, शिपायांना सोनपापडी. आस्थापना शाखेला इतकी बिनचूक ज्येष्ठता यादी कधी करता आली नाही. कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली, हे त्या माणसाला आमच्या आधी कळलेलं असायचं.

१९९४ च्या दिवाळीत माझ्या टेबलावर पहिल्यांदा डबा आला. मी तो घरी नेला. सासरे प्राथमिक शाळेत मास्तर होते, तेव्हा निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, “कोणी दिला?” मी म्हटलं, “ऑफिसातून मिळाला.” ते म्हणाले, “ऑफिसने दिला की ऑफिसात दिला?” मी स्वयंपाकघरात निघून गेले. काजूकतली मुलांनी दोन दिवसांत संपवली. तो रिकामा डबा पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडे सुया-दोऱ्याला होता.

मग १९९८ साली एक नवे साहेब आले. मार्च असावा, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. निफाडकडच्या एका शेतकऱ्याचं जमिनीचं प्रकरण बरीच वर्षं अडकून पडलं होतं, ते त्या आठवड्यात निकाली निघालं. पैसे कोणी मागितले नव्हते, त्याने दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन आला. “साहेब, मळ्यातली आहेत, नाही म्हणू नका.” आता आपल्या जिल्ह्यात द्राक्षं आणणाऱ्याला परत पाठवणं म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. साहेबांनी बेल वाजवून मला बोलावलं. म्हणाले, “बाई, आवक करा.”

“कशाची?”

“द्राक्षांची.”

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण साहेबांना थट्टा करता येत नसे. मी ओळ लिहिली : ‘द्राक्षे, एक पेटी, अंदाजे चार किलो. देणाऱ्याचे प्रकरण या कार्यालयात निकाली. कर्मचाऱ्यांत वाटप.’ खाली साहेबांची सही. शेतकऱ्याला अपमान वाटेल अशी मला धास्ती होती. त्याला कसला अपमान! आपल्या द्राक्षांना सरकारी नंबर पडला याचंच त्याला कौतुक. त्याने पोच मागितली. मी ती दिली.

त्या वर्षी दिवाळीत तो पिशव्यावाला नेहमीप्रमाणे आला. मी नोंदवही उघडली आणि विचारलं, “फर्मचं नाव सांगा. आणि तुमचं सध्या इथं कोणतं काम चालू आहे?” तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. “ताई, जरा शेठना फोन करून येतो,” म्हणाला आणि पिशव्यांसकट गेला. परत आला नाही. शिपाई मंडळी तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्याशी बोलत नव्हती.

साहेब काही संत नव्हते, तेही सांगते. कुरकुरे होते. मुलाला गोवर झाला तेव्हा माझी दोन दिवसांची रजा मंजूर करायला त्यांनी चार दिवस घेतले. चौदा महिन्यांत त्यांची बदली झाली. पुढच्या साहेबांच्या पहिल्या दिवाळीत पिशव्या परत आल्या. नोंदवही तीच होती, टेबल तेच होतं, मीही तीच होते. पण मी नोंदवही उघडली नाही. उघडायला मला सांगितलंय कुठल्या नियमानं? आधीच्या साहेबांची ती लहर होती. लहर गेली, डबे आले.

हे पत्र त्यासाठी आहे. या शहराला हे नवीन नाही. तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये आयुक्त होऊन आले आणि त्याच नोव्हेंबरात बदलून गेले. ते कोणाला रुचले, कोणाला नाही, तो वाद मला उकरायचा नाही. मला एवढंच दिसतं की आपल्याकडे सचोटी साहेबांबरोबर येते आणि त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं की त्याच ट्रकमधून जाते.

आता आपण म्हणाल, नियम आहेत की. आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. मी त्यांच्याखालीच नोकरी केली. ‘नितांत सचोटी’ हा शब्द त्यातलाच. भेटवस्तूंचाही नियम त्यात आहे : लग्नकार्य, धार्मिक प्रसंग अशा वेळी जवळचे नातेवाईक आणि स्नेही यांच्याकडून रीतीप्रमाणे आलेलं घ्यायला हरकत नाही, एका मर्यादेपुढं मात्र शासनाला कळवायचं. कधीमधी केलेलं जेवण, कोणी गाडीतून सोडणं, असला पाहुणचार भेट समजायचा नाही. वाचायला ठीक वाटतं. पण आवक-जावकच्या माझ्या बारा वर्षांत असं कळवल्याचा एकही कागद माझ्या टेबलावरून गेला नाही. बाकी टेबलांचं मी सांगू शकत नाही, पण कागद जायचा रस्ता माझ्याच टेबलावरून होता. आणि कंत्राटदार तर आमच्याकडे सगळ्यांचाच ‘स्नेही’ होता. साहेबांच्या मुलीच्या लग्नात तो पंगतीत वाढायला उभा होता.

मत्ता आणि दायित्वाच्या, म्हणजे मालमत्ता आणि कर्जाच्या, विवरणपत्राचीही तीच गत. दरवर्षी भरून सीलबंद लिफाफ्यात द्यायचं. मी आवक करायचे : ‘सीलबंद लिफाफा, एक.’ लिफाफे कपाटात जायचे, कपाटाला कुलूप. भारतीय प्रशासकीय सेवेतल्या (आयएएस) अधिकाऱ्याचं स्थावर मालमत्तेचं विवरण केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही घरबसल्या बघता येतं. म्हणजे आयुक्तांचा फ्लॅट कुठं आहे ते मला मोबाइलवर कळू शकतं, पण ज्यांच्या सहीने माझ्या गल्लीचा रस्ता ‘पूर्ण’ झाला त्या अभियंत्यांचं काही कळत नाही. माहिती अधिकारात मागावं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल पुढं येतो. कर्मचाऱ्याचे असे तपशील ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवलं तरच मिळेल. बरं, निकाल मागणाऱ्याला अडवतो. स्वतःहून मांडणाऱ्याला कोणी अडवलंय? सभागृहाने ठराव करावा, आणि सुरुवात सभागृहातल्यांनीच करावी.

नगरसेवकांचं शपथपत्र निवडणुकीच्या वेळी जाहीर होतं, ते बरंच आहे. पण मालमत्ता वाढते ती निवडून आल्यावर. दरवर्षी एक पान, पालिकेच्या संकेतस्थळावर. जास्त काही मागत नाही.

शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, ५ सप्टेंबर १६७६ चं, कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं. नव्या सुभेदाराला दिलेल्या सूचना आहेत. चोरी करू नये, इमाने इतबारे काम करावं, अशी तू शपथच घेतली आहेस, तर त्याप्रमाणे ‘येक भाजीच्या देठास तेही मन न दाखविता रास व दुरुस वर्तणे’, म्हणजे सरळ आणि चोख वागावं. भाषणांत हे वाक्य फार वापरलं जातं, आणि वापरणारे बहुतेक जण ‘देठाला हात लावू नका’ असं सांगतात. पत्रात हात नाही, मन आहे. आमचा कायदा पाकीट घेणारा हात पकडतो, नोटांना पावडर लावून. मनाकडे कोणी बघायचं? मन लाचेच्या फार आधी वाकतं. वाकतं तेव्हा कुठंच नोंद होत नाही.

माझंच सांगते. २००६ च्या सुमारास माझ्या भाच्याचा एक अर्ज आमच्या कार्यालयात आला. मी तो आवक करून स्वतः टेबलापर्यंत नेला. “घरचाच आहे,” एवढंच म्हटलं. दोन दिवसांत काम झालं. त्याच गठ्ठ्यात त्याच्या आधीच्या तारखांचे अर्ज होते, त्यांना महिना लागला. मी एक पैसा घेतला नाही, कोणी दिला नाही. वर्तणूक नियमांचं पुस्तक उघडून मला कोणी काही विचारू शकलं नसतं. तरी ज्यांचा महिना गेला त्यांचा तो मीच नेला. त्यांच्यात एक विधवा बाई होती, दर सोमवारी यायची, माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायची. तिने कधी आवाज चढवला नाही. म्हणून लक्षात राहिली.

दफ्तर दिरंगाईचा कायदा २००५ चा. कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. सात दिवसांच्या वर ठेवलेली फाईल पकडता येते. दोन दिवसांत पळवलेली कोण पकडणार? आपलं माणूस म्हणून पळवलेली फाईल हीच तर आपल्या सगळ्यांची अडचण आहे, आणि इथं मी सभागृहाकडे वळते.

महानगरपालिका अधिनियमाचं कलम १० आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल, उमेदवारी अर्ज भरताना वकिलाने वाचून दाखवलं असेल. पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर पद जातं. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं असेल तरी जातं. कायदा कडक आहे. म्हणूनच फर्म मेव्हण्याच्या नावावर असते. मेव्हणा नसला तर ड्रायव्हरच्या. आणि सिद्ध करायचं काम कोणाचं? तक्रार करणाऱ्याचं. त्याने कागद मिळवायचे, वकील लावायचा, तारखा मोजायच्या, तोवर मुदत संपते.

मी उलटं मागते आहे. सिद्ध करणं नको, सांगणं हवं. महासभेत किंवा स्थायी समितीत विषय पुकारला की ज्याचं कोणी त्यात असेल त्याने उभं राहून सांगावं, “या निविदेतली फर्म माझ्या साडूची आहे,” आणि तेवढ्या विषयापुरतं बाहेर जाऊन चहा प्यावा. इतिवृत्तात एक ओळ यावी. साडूने काम घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. साडूलाही पोट आहे. पण तुम्ही हात वर करताना तुमचा हात कोणासाठी वर आहे, हे समोरच्या एकशे एकवीस जणांना आणि आम्हाला कळलेलं असावं. सांगितलं तर काही नाही. लपवलं आणि मागाहून निघालं, तर मात्र ते लपवणंच गुन्हा धरावं. आणि आयत्या वेळच्या, म्हणजे आधी विषयपत्रिकेत नसलेल्या, विषयांना हा नियम दुप्पट कडकपणे लावावा. ते का आयत्या वेळी येतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

घाई का करते आहे? मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं सभागृह रिकामं होतं, सगळं प्रशासकांच्या सहीने चाललं. आता आपण १२२ जण आलात आणि आल्या आल्या समोर सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. रस्ते, पूल, मलजल प्रक्रिया, घाट, साधुग्राम. कुंभाची कामं घाईतच होतात, कारण बारा वर्षं कोणाला आठवत नाही आणि शेवटच्या वर्षी तारीख हलत नाही. घाईत झालेल्या कामाचं माप लिहायची मोजमाप पुस्तिका मागून भरली जाते, कार्योत्तर मंजुरी मागून मिळते, प्रश्न तर सगळ्यात शेवटी विचारले जातात. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर गेल्या वर्षी शहर रस्त्यावर आलं. झाडांवर प्रेम होतंच, पण त्यापेक्षा जास्त काहीतरी होतं. सांगितलं जातंय ते खरं आहे, असं कोणाला वाटत नव्हतं.

लोकायुक्त आहेत, १९७१ च्या कायद्याने आले. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा मदत क्रमांक आहे. असू देत. ही सगळी दारं घडून गेल्यानंतर वाजवायची. मला घडायच्या आधीचं दार हवं आहे, आणि ते म्हणजे शंभर पानी नोंदवही. सहाही विभागीय कार्यालयांत आणि मुख्यालयात, दारापाशी, कोणीही उघडून बघावी अशी.

माझी मुलगी म्हणाली, “आई, टक्केवारी घेणारा तुझ्या वहीत लिहिणार आहे का?” नाही लिहिणार. मला ते कळत नाही एवढी मी भोळी नाही. ही वही त्याच्यासाठी नाहीच. ती त्या मुलीसाठी आहे जी स्पर्धा परीक्षा देऊन परवा रुजू झाली, वय तेवीस-चोवीस, जिच्या टेबलावर या दिवाळीत पहिला डबा येईल. तिला तो नको असेल. पण समोरचा माणूस काकांच्या वयाचा असेल, हसत असेल, “अगं, गोड आहे, प्रसाद समज,” म्हणत असेल, आणि शेजारच्या तिन्ही टेबलांवर डबे पोचलेले असतील. अशा वेळी ‘मी घेत नाही’ म्हणणं म्हणजे शेजारच्या तिघांनाही काहीतरी म्हणणं. ते मोठ्या धीराचं काम आहे, मला जमलं नाही. पण ‘काका, नोंद करावी लागते हो, नियम आहे,’ हे कोणीही म्हणू शकतं. त्यात कोणाचा पाणउतारा नाही. आपल्यात दारी आलेल्याला नाही म्हणणं उद्धटपणा समजतात. नियम तिच्या वतीने नाही म्हणेल.

देणाऱ्यांचंही बोलायला हवं. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही कायद्याने दोषी आहे. अडवणूक करून द्यायला लावली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची मुभा आहे. पण आम्ही नाशिककर काय करतो? नळजोडणीचा अर्ज द्यायच्या आधीच विचारतो, “तिथं कोणी ओळखीचं आहे का?” पैसे नंतर. ओळख आधी. मीही भाच्यासाठी तेच झाले होते.

नोंदवही कशी असावी ते सांगते, ते काम मी केलेलं आहे. रकाने सहा : अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, काय, देणाऱ्याचं आपल्याकडे कोणतं काम चालू आहे, वस्तूचं पुढं काय केलं. पाचवा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. तो पिशव्यावाला द्राक्षांना घाबरला नव्हता, काजूकतलीलाही नाही, पाचव्या रकान्याला घाबरला होता. पानांना आधीच क्रमांक घाला, नाहीतर पान फाडलं जातं. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. व्हाइटनर वापरायचं नाही. वही संपली की जुनी रद्दीत जाऊ देऊ नका. ऑनलाइन काढायची असेल तर काढा, पण दारापाशी कागदाची राहू द्या. बाकावर बसलेल्या माणसाला वाचायला काहीतरी हवं असतं.

छापखान्यातून येईपर्यंत वेळ लागेल, म्हणून पहिल्या सात वह्या मी आखून देते. इंदिरानगरहून बसने येईन, शिपाई पाठवायची गरज नाही. आणि उशिरा आलेल्या कागदाचीही आवक होते, तेव्हा पहिली ओळ मीच भरून आणते. दुसऱ्या कार्यालयाची आहे म्हणून हरकत घेऊ नये, ही विनंती.

‘अनुक्रमांक १. दिवाळी, १९९४. एका कंत्राटदाराकडून. काजूकतली, अर्धा किलो, डब्यासह. देणाऱ्याची दोन देयके त्या वेळी कार्यालयात प्रलंबित. मिठाई घरी वाटप. डबा अद्याप माझ्याकडे.’

आपली,
एक निवृत्त आवक-जावक लिपिक,
इंदिरानगर, नाशिक